फांशांचा खेळ आणि बरोबरीचा निवाडा

बॅकगॅमन हा दोघांनीं खेळावयाचा पटाचा खेळ. प्रत्येकाच्या १५ सोंगट्या, पटावर २४ घरें आणि दोन फांसे, एवढेंच त्याचें साहित्य. ज्यांनीं घरीं सारीपाट मांडलेला पाहिला आहे त्यांस तो परका वाटणार नाहीं. आठ मित्र जमले कीं प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावें असें सहजच ठरतें; पण अखेरीस दोघांचे विजय सारखे भरले म्हणजे बक्षीस कोणास द्यावें, हा विचार आधीं कोणीच केलेला नसतो. अशा वेळीं नाणें उडवून बाद झालेला एक मुलगा मीं पाहिला आहे. तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या वर्षीं मात्र खेळावयास आला नाहीं.

पहिला प्रश्न सामन्याच्या लांबीचा. समजा, एक खेळाडू शंभरांपैकीं ५५ डाव जिंकण्याइतका सरस आहे. एकाच डावावर निकाल ठेवल्यास ४५ वेळां दुबळाच जिंकणार. पांचांपैकीं तीन डावांवर निकाल ठेवला तर सरस खेळाडूचे विजय शंभरांत ५९ होतात, सातांपैकीं चारांवर ठेवल्यास ६१, आणि एकविसांपैकीं अकरांवर ठेवल्यास सुमारें ६८. नशीब इतकें सावकाश मागें हटतें! पण आठ जणांचे २८ सामने होतात. चार पट मांडून रोज एक फेरी खेळली तरी सात संध्याकाळी लागतात. सामना फार लांबविला तर फेऱ्याच पुऱ्या होणार नाहींत. म्हणून सात गुणांचा सामना मला योग्य वाटतो.

गुणांची गोष्ट थोडी निराळी आहे. साध्या विजयास एक गुण. हरणाऱ्याची एकहि सोंगटी पटाबाहेर निघाली नसेल तर दुप्पट. शिवाय १९२० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें दुपटीचा ठोकळा प्रचारांत आला. एकानें डावाची किंमत दुप्पट करूं म्हटलें कीं दुसऱ्यानें ती मान्य करावी, नाहीं तर डाव सोडावा. सहा गुणांवर पोंचलेल्यास एकच गुण हवा असतो. दुप्पट विजयाचा त्यास उपयोग नाहीं. उलट मागें पडलेला, ठोकळा बंद असलेला एक डाव संपला कीं, पुढील प्रत्येक डावांत लगेच दुप्पट मागतो, कारण त्याचें जाणार तें काय? त्यामुळें ७–६ आणि ७–२ यांतील अंतरावरून कोण किती चांगला खेळला हें नीट कळत नाहीं. बरोबरी या अंतरावर सोडविली तर सामना जिंकण्यास जें नको तेंच खेळाडूस करावें लागतें.

नियम आधीं जाहीर केला एवढ्यानेंच भागत नाहीं. १४ जुलै २०१९ रोजीं लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंड व न्यूझीलंड यांच्या २४१ धांवा झाल्या. सुपर ओव्हरमध्येंहि १५–१५. मग चौकार-षट्कार मोजले, २६ विरुद्ध १७, आणि चषक इंग्लंडला गेला. नियम सर्वांस ठाऊक होता. तरी क्रिकेट तर धांवांचा खेळ! त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो नियम काढून, निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर पुन्हां खेळावी असें ठरलें.

आपल्या साखळींत दोघांची बरोबरी झाल्यास त्यांच्या परस्परांतील सामन्याचा निकाल पाहावा. पण तिघे सारखे असून पहिल्यानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास व तिसऱ्यानें पहिल्यास हरविलें असेल तर? बुद्धिबळांत, ज्यांस हरविलें त्यांच्या गुणांची बेरीज धरण्याची सोनबॉर्न-बर्गर पद्धति आहे. ती निर्दोष नव्हे. विजय सारखे असतां ज्यानें बलवानांस हरविलें तोच दुर्बळांकडून अधिक हरलेला असतो. खालच्या क्रमांकांपुरती ती पुरे. पहिल्या क्रमांकासाठीं एक संध्याकाळ राखून ठेवावी व तिघांना पुन्हां पटावर बसवावें.

मध्येंच खेळ सोडणाऱ्याचाहि निर्णय आधींच करावा. निम्म्याहून कमी सामने खेळून तो गेला तर त्याचे सर्व निकाल रद्द. निम्मे किंवा अधिक झाले असतील तर झालेले कायम, आणि उरलेल्यांत प्रतिस्पर्ध्यांस विजय द्यावा.