लिमोनच्या चुलीची दीडशे वर्षं

कोस्टा रिका म्हटलं की पठारावरची कॉफी आठवते, आणि त्या देशाने जगाला आपली ओळखही फार काळ तेवढीच करून दिली. राजधानी सॅन होजेकडची न्याहारी म्हणजे गायो पिंतो : आदल्या रात्रीचा भात आणि काळा राजमा एकत्र परतलेला. डोंगर उतरून पूर्वेच्या कॅरिबियन किनाऱ्याला लागलं की ताटात पुन्हा भात आणि राजमाच येतो. पण इथला राजमा लाल असतो, भात नारळाच्या दुधात शिजलेला असतो, त्याला थाइमच्या काडीचा वास असतो, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशात त्याचं नाव इंग्रजी असतं, राइस अँड बीन्स. लिमोन शहरापासून काविता, पुएर्तो व्हिएहो आणि मान्सानियोपर्यंतचा हा सत्तरेक किलोमीटरचा पट्टा मी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पालथा घातला, आणि प्रत्येक वेळी मुक्कामाची ठिकाणं जेवणाने ठरली. चव पहिल्या घासाला कळते. ती इथवर कशी आली हे कळायला मात्र दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘लिझी’ नावाचं जहाज जमैकातल्या किंग्स्टनहून मजूर घेऊन लिमोनला लागलं. कॉफी युरोपला धाडायची तर अटलांटिकच्या बाजूला बंदर हवं आणि तिथवर रेल्वे हवी, म्हणून आदल्या वर्षी सरकारने करार केला होता. दलदल, हिवताप, पिवळा ताप आणि ढासळणारे कडे यांत हजारो मजूर गेले. रेल्वे पुरी व्हायला १८९० उजाडलं. दरम्यान मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदाराने रुळांच्या कडेने केळी लावायला सुरुवात केली होती. त्या केळीतूनच १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. रुळांसाठी आलेले जमैकन मळ्यांत आणि गोदीवर राबू लागले. चार पैसे गाठीला बांधून परत जायचं, हाच बहुतेकांचा बेत होता. पैसे साठले नाहीत, मुलं इथेच झाली.

त्यांनी सोबत आणलेलं जेवण आधीच लांबलांबचे समुद्र ओलांडून जमैकात पोचलं होतं. अकीचं फळ पश्चिम आफ्रिकेतलं. ते झाडावर आपोआप उकलल्याशिवाय तोडायचं नाही, कच्चं असताना ते विषारी असतं. हे ज्ञान फळाबरोबरच आलं. अकीसोबत परतला जाणारा खारवलेला कॉड उत्तर अटलांटिकमधला. उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना पोसायला याहून स्वस्त काही नाही, म्हणून तो पिंपांनी येई. नीरफणस १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून जमैकाला आणला, तोही याच हिशेबाने. करीचा मसाला १८४५ पासून जमैकात उतरलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांचा. नारळाची कथा तर आपल्या दारातून जाते. अटलांटिकच्या किनाऱ्यांवरचा नारळ हिंदी महासागरातल्या नारळाच्या वंशातला आहे, हे २०११ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेला वळसा घालून पश्चिमेकडे नेला. कोकण-गोव्याच्या माणसाला काविताच्या माडांखाली जे ओळखीचं वाटतं, त्याला असा पक्का आधार आहे. बाजारातही तेच. कलालू हा माठाच्या कुळातला पाला, डाशीन म्हणजे अळूचा कांदा, आणि तिथला न्यामे कोनफळाच्या जातीचा.

मळ्यावरच्या मजुराची चूल दोन ठिकाणच्या शिध्यावर चालायची. तांदूळ, मैदा, खारा मासा या वस्तू कंपनीच्या दुकानातून यायच्या आणि मजुरीचा मोठा वाटा त्याच वाटेने कंपनीकडे परत जायचा. उरलेलं परसातून : नारळ, कच्ची केळी, कंद, आणि चिले पनामेन्यो ही गोल, सुरकुतलेली, जहाल मिरची. दुकानातल्या मैद्याची पारी करून तिखट खिमा भरला की पाती झाली. पिकलेल्या राजेळी केळ्यांचं गोड सारण भरलं की प्लांतिन्ता. ईस्टरला काळसर, मसाल्याचा, सुक्या फळांनी जड झालेला पान बोन भाजायचा आणि चीजच्या तुकड्याबरोबर खायचा. कंपनीच्या मैद्यातून बायकांनी स्वतःची कमाई काढली, हे मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचं वाटतं. मळ्यावरची मजुरी पुरुषांच्या नावावर होती. पातीची टोपली बाईची होती. गाडी स्टेशनात थांबली की या टोपल्या डब्यांच्या खिडक्यांशी यायच्या, आणि पठारावरच्या प्रवाशाला किनाऱ्याची पहिली ओळख तिथे, खिडकीतून, गरम कागदात व्हायची.

किनाऱ्यावरच्या माणसाने पठारावर जाणं मात्र तेवढं सोपं नव्हतं. सिकिरेस स्टेशनच्या पुढे कृष्णवर्णीयांना जाऊ देत नसत, असं जुनी माणसं आजही सांगतात. इतिहासकारांना तसा लेखी कायदा सापडलेला नाही. पण अपमान खरा असायला कलम लागतंच असं नाही. १९३४ मध्ये जे झालं ते तर कागदावरच आहे. रोगाने आणि मंदीने लिमोनची केळी संपत आली, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मोठा संप झाला, कंपनी पॅसिफिकच्या बाजूला निघाली, आणि तिथल्या मळ्यांवर कृष्णवर्णीयांना कामावर घेऊ नये, अशी अट सरकारी मान्यतेने घातली गेली. कंपनी गेली, माणसं मागे राहिली. इथेच जन्मलेल्यांनाही नागरिक म्हणून दारं मोकळी झाली ती १९४८ च्या यादवीनंतर, १९४९ च्या सुमारास.

मधल्या वर्षांत किनाऱ्याला तारलं कोकोने आणि समुद्राने. काविता गाव मुळात कासवं पकडायला आलेल्या कोळ्यांनी वसवलं, १८२८ मध्ये आलेल्या विल्यम स्मिथपासून त्याची गोष्ट सांगतात. १९७० च्या दशकात पॉला पामर यांनी तालामांकाच्या, म्हणजे कावितापासून मान्सानियोपर्यंतच्या, किनाऱ्यावरच्या वृद्धांच्या आठवणी गोळा करून पुस्तक केलं, त्यामुळे या साध्या जगण्याचे तपशील शिल्लक राहिले. रोंडोन हा त्या काळाचा पदार्थ. नारळाच्या दुधात कंद, कच्ची केळी, नीरफणस आणि त्या दिवशी मिळेल तो मासा. पूर्वी त्यात कासवाचं मांसही पडायचं. आता ते कायद्याने बंद आहे आणि तसंच असावं.

राइस अँड बीन्स मी कावितातल्या एका सोदात, म्हणजे छोट्या खाणावळीत, चुलीशेजारी उभी राहून पाहिला. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. गावात सगळे त्यांना ‘मिस’ लावूनच हाक मारतात, मीही तेच केलं. राजमा आदल्या रात्री भिजलेला. सकाळी त्यांनी तो लसणाबरोबर उकडायला ठेवला आणि नारळ खवायला घेतले. डब्यातलं दूध वापरता का, असं विचारल्यावर नुसती मान हलवली. पहिलं घट्ट दूध बाजूला, दुसरं पातळ दूध राजम्यात. बोटाने दाबून राजमा मऊ झाल्याची खात्री केली, मग तांदूळ, कांद्याची पात, थाइम आणि घट्ट दूध. सगळ्यात शेवटी एक आख्खी, देठासकट चिले पनामेन्यो भातावर अलगद ठेवली. झाकण घातल्यावर त्या भाताजवळ कुणाला फिरकू देईनात. मिरची फुटली तर अख्खं पातेलं जळजळीत होतं. न फुटता शिजली तर वास देते, तिखटपणा नाही. भात झाल्यावर त्यांनी ती देठाला धरून उचलली आणि माझ्यापुढे धरली. मिरची शाबूत होती. भाताला तिचा फळासारखा वास लागला होता आणि नारळाचं तेल दाण्यांवर चकाकत होतं. सोबत कोंबडीचा रस्सा, तळलेली केळी, कोबीची कोशिंबीर आणि आलं-लिंबू-गुळाचं अग्वा दे सापो, आपल्या पानकाचं सख्खं भावंड. हा बेत इथे पिढ्यान् पिढ्या रविवारचा. चर्चहून आल्यावर जेवायचा, आणि नारळ खवायला घरातलं प्रत्येक मूल बसायचं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मोनिलिया बुरशीने कोको जवळजवळ संपवला. शेंगा झाडावरच पांढऱ्या पडून सडल्या आणि कित्येक कुटुंबांनी जमिनी मिळेल त्या भावाला विकल्या. १९७८ मध्ये काविताचा किनारा राष्ट्रीय उद्यान झाला. १९८७ मध्ये राजधानीतून डोंगरातला नवा महामार्ग खुला झाला आणि पठारावरचे लोक सुटीला येऊ लागले. प्रवासी गाडी १९९० च्या सुमारास थांबली. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपाने रुळांचं आणि पुलांचं अतोनात नुकसान केलं. किनारा काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त वर उचलला गेला, उघडं पडलेलं प्रवाळ मेलं. खिडकीतून पाती घेण्याचे दिवस संपले. टोपल्या बसस्टँडवर आणि रस्त्याच्या कडेला आल्या, आणि घरातल्या पडव्या सोदा झाल्या.

मान मिळायला आणखी उशीर लागला. २०१२ मध्ये लिमोनच्या कॅलिप्सो संगीताला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. कलालूवर गाणं रचणारे काविताचे वॉल्टर फर्ग्युसन तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. २०२३ मध्ये, एकशे तीन वर्षांचे होऊन ते गेले. २०१५ मध्ये राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात देश बहुवांशिक असल्याचं लिहिलं गेलं. २०१८ मध्ये कृष्णवर्णीय एप्सी कॅम्पबेल उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. आता सॅन होजेच्या हॉटेलांत ‘कॅरिबियन जेवण’ अभिमानाने वाढतात, आणि ते मला मनापासून आवडतं.

पण किनाऱ्यावर परत गेल्यावर दर खेपेला एखादी ओळखीची चूल दिसत नाही. १९७७ च्या किनारा कायद्याने भरतीरेषेपासूनचे पहिले पन्नास मीटर सार्वजनिक ठरवले आणि पुढचे दीडशे मीटर परवान्याच्या ताब्यात दिले. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण ज्यांचे आजे-पणजे त्याच वाळूवर राहिले त्यांच्या हाती मालकीचा कागद नसतो, आणि परवान्याच्या अर्जामागे धावायला पैसा लागतो. तो बाहेरून आलेल्याकडे असतो. मग फलकावर रोंडोन राहतो आणि आत शिजवणारी बाई पगारावर येते. पदार्थाला वारसा म्हणायचं तर त्या बाईच्या पायाखालची जमीन त्या वारशात धरलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तिकडे जाणार असाल तर शनिवार-रविवार हाताशी ठेवा, कारण कित्येक घरी नारळाचा भात फक्त तेव्हाच होतो. रोंडोन आदल्या दिवशी सांगावा लागतो. गावात पोचल्याबरोबर विचारा, उद्या कोण करणार आहे. बहुतेक वेळा उत्तरात फलकावर नसलेलं एखादं नाव मिळतं. पाती मात्र लिमोनच्या बाजारातच घ्या, सकाळी लवकर, टोपलीवरचं फडकं पहिल्यांदा उचललं जातं तेव्हा.