एका दोरीला गळ किती?

धाराशिव जिल्ह्यातली तळी गोठत नाहीत, त्यामुळे बर्फाला भोक पाडून मासे धरणं इथे नाही. पण सीना-कोळेगाव असो वा माकणीचं निम्न तेरणा धरण, एका दोरीला किती गळ लावावेत हा प्रश्न इथेही पडतो. कटल्यासाठी कणकेच्या गोळीभोवती चार-सहा गळ खोवतात; मासा पीठ चोखायला येतो आणि एखादा गळ ओठात रुततो.

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1897 मध्ये गळांची संख्या कुठेच ठरवलेली नाही. मासे मारण्यासाठी सुरुंग उडवणं आणि पाण्यात विष कालवणं यांवर मात्र स्पष्ट बंदी आहे. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या कॅनडातल्या ऑन्टॅरिओत हिशेब काटेकोर आहे: एका दोरीला जास्तीत जास्त 4 गळ. एकाच दांड्याचा तीन टोकांचा गळ तिथे एकच मोजतात.

आपल्याकडे आधी बघायचा तो हक्क. जलाशयातली मासेमारी बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचं बीज पैसे मोजून सोडावं लागतं. म्हणून गळ एक असो वा सहा, टाकण्याआधी संस्थेची परवानगी घ्या.