रिपोर्ट झाला, पण मेल गेलाच नाही!

रविवारची संध्याकाळ. खडकवासल्याची चौपाटी. हातात तिखट-लिंबू लावलेलं कणीस आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन! ‘अरे, रिपोर्ट तयार झालाय, पण क्लायंटला मेल गेलाच नाही. एररही दिसत नाहीये.’ पुण्यातल्या आयटीवाल्यांना हा सीन नवा नाही. आणि गुन्हेगार? कित्येकदा दोन ओळींची एक बॅच फाइल!

त्याचं काय आहे, ‘ईएक्सई’ म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारा तयार प्रोग्रॅम. बॅच फाइलमध्ये त्याचं नाव लिहिलंत, की तो संपेपर्यंत शेल थांबतो आणि मग पुढच्या ओळीकडे वळतो. ‘बॅट’ फाइल मात्र नुसता मजकूर. किराणा मालाची यादीच म्हणा ना! ती वाचायला विंडोजचा ‘सीएमडी’ शेल लागतो आणि तो एकेक ओळ वाचत जातो. (म्हणूनच चालू बॅच फाइल एडिट करू नका. पुढची ओळ तो त्या क्षणी डिस्कवरून उचलतो, भलतंच काहीतरी चालायचं!)

खरी गोची पुढे आहे. एका बॅच फाइलमध्ये दुसरीचं नुसतं नाव लिहिलं, तर शेल पहिली यादी टाकून दुसरी हातात घेतो. ती संपली, की काम संपलं! पहिलीतली मेलची ओळ तशीच राहते. शेलच्या लेखी काही चुकलेलंच नसतं, मग एरर कुठून येणार? उपाय साधा आहे, नावाआधी ‘कॉल’ लिहायचं. ही सोय १९८७च्या डॉस ३.३ पासून आहे, तरी लोक विसरतात. लिनक्सवाले यावर हसतात, कारण तिथे दुसरी स्क्रिप्ट संपली की पहिली पुढे चालू राहते.

बरं, नावावरून बॅच ओळखू येईलच असंही नाही. वेब डेव्हलपर रोज वापरतात ती ‘एनपीएम’ कमांड विंडोजवर ‘एनपीएम डॉट सीएमडी’ असते, म्हणजे बॅच फाइलच! तिच्याआधी ‘कॉल’ नसेल तर पुढच्या ओळी गेल्याच.

एप्रिल २०२४ मध्ये तर प्रकरण सिक्युरिटीपर्यंत गेलं. एखाद्या प्रोग्रॅमने बॅच फाइल चालवली, की विंडोज गुपचूप सीएमडी सुरू करतं आणि त्याचे अवतरणचिन्हांचे नियम वेगळे. त्यामुळे बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलला दिला, तर त्यात लपवलेली कमांडही चालू शकत होती. ‘बॅटबॅडबट’ नावाच्या या त्रुटीला रस्ट भाषेत १० पैकी १० धोक्याचे गुण मिळाले. रस्टने १.७७.२ आवृत्तीत ती दुरुस्त केली, नोड डॉट जेएसनेही पॅच काढला. तुमच्या सर्व्हरवर अजून जुनी आवृत्ती असेल, तर सोमवारी आधी ते काम उरका.