जखम भरण्याआधी दाह शमावा लागतो

मनीषनगर येथील आपल्या रुग्णालयात मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेल्या रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा विचारतात, “साहेब, स्टेम सेलचे इंजेक्शन दिले तर जखम भरेल का? पैशांची सोय करू.” प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर, तरीही डॉक्टरांकडून समजून घेतलेले येथे मांडतो.

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत, स्नायूंत व त्वचेत मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. हाड मोडले की सूज येते. हा दाह प्रारंभी उपकारकच असतो. त्यातील रासायनिक संदेशांनी मूलपेशी जाग्या होऊन दुरुस्तीस लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधनात इंटरल्युकिन-३ या संदेशद्रव्यामुळे मूलपेशींपासून हाड घडविणाऱ्या पेशी अधिक तयार होत असल्याचे आढळले. मात्र साखर अनियंत्रित राहिली, जंतुसंसर्ग रेंगाळला, तर दाह महिनोन्‌महिने धुमसतो आणि ह्याच पेशी थकतात. बाहेरून सोडलेल्या पेशींच्या वाट्यालाही तेच प्रतिकूल वातावरण येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर रीतसर मान्यता घेतलेल्या चाचणीतच करावयाचा आहे. त्यानंतर औषध नियंत्रकांनी परवानगी दिलेली उत्पादने मोजकीच. जाहिराती मात्र मोजक्या नाहीत!

म्हणून नातेवाइकांना मी सांगतो, की पैशांची सोय झालीच असेल तर ती आधी साखरेच्या तपासण्या, जखमेची नियमित स्वच्छता आणि योग्य पादत्राणे यांवर खर्चावी. त्यातही अडचण असल्यास संकोच न करता कार्यालयात भेटावे.