जाड आटे की बारीक आटे? प्लेटला टॅप मारण्याआधी एवढं वाचा

प्रायोगिक विषयात पीएच.डी. करणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तुम्हाला हवा तसा सेटअप बाजारात तयार मिळत नाही. सेन्सर धरायला ब्रॅकेट लागतो, चेंबरला झाकण लागतं, आणि मग कुठल्यातरी प्लेटमध्ये भोक पाडून आटे पाडावे लागतात. ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये गेलात की विचारतात, "पिच किती?" उत्तर आपल्याकडे तयार असायला हवं.

पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. एम६ बोल्टचा व्यास ६ मिमी. त्याचा नेहमीचा, म्हणजे जाड आट्यांचा पिच १ मिमी, आणि बारीक आट्यांचा ०.७५ मिमी. ड्रॉइंगवर नुसतं 'एम६' लिहिलं तर जाडच धरतात. बारीक हवे असतील तर 'एम६ × ०.७५' असं स्पष्ट लिहावं लागतं.

बारीक आटे जास्त मजबूत असतात का?

बोल्टपुरतं बोलायचं तर हो. आटे कमी खोल, त्यामुळे बोल्टचा गाभा जाड राहतो. ताण सहन करणारं क्षेत्रफळ जाड आट्यांच्या एम६ मध्ये सुमारे २०.१ चौ. मिमी असतं, बारीकमध्ये सुमारे २२. पण इथेच गफलत होते. बोल्ट स्टीलचा आणि प्लेट ॲल्युमिनियमची असेल, तर आधी कोण हार मानणार? बोल्ट तुटायच्या आधी प्लेटमधले आटे सोलून निघतात. म्हणजे बारीक आट्यांचा फायदा मिळतो तो मुळातच मजबूत असलेल्या भागाला.

आता भोकाचं गणित बघा. टॅपआधीच्या ड्रिलचा व्यास साधारणपणे बोल्टचा व्यास वजा पिच इतका घेतात. जाडसाठी ५ मिमी, बारीकसाठी ५.२५. म्हणजे आट्याची उंची अनुक्रमे ०.५ आणि ०.३७५ मिमी. समजा ड्रिल थोडं हललं आणि भोक ०.२ मिमीने मोठं झालं. प्रत्येक बाजूने ०.१ मिमी गेलं. जाड आट्याची २० टक्के उंची गेली, बारीकची जवळपास २७ टक्के. चूक तेवढीच, पण बारीक आट्यांना ती जास्त महागात पडते.

शिवाय जाड आट्यांत बोल्ट तिरका बसण्याची शक्यता कमी, आणि थोडा कचरा असला तरी ते चालवून घेतात. जे झाकण तुम्ही आठवड्यातून चार वेळा उघडणार आहात, तिथे हेच महत्त्वाचं.

मग बारीक आटे कधी घ्यायचे?

पहिलं कारण, ॲडजस्टमेंट. एम६ जाड स्क्रू एक फेरा फिरवला की १ मिमी सरकतो. आरसा किंवा लेन्स जुळवताना हे फारच जास्त. म्हणूनच मायक्रोमीटरचा पिच बहुधा ०.५ मिमी असतो.

दुसरं, कंपन. बारीक आट्यांचा चढ कमी असतो (एम६ मध्ये सुमारे २.५ अंश, जाडमध्ये ३.४), त्यामुळे ते आपोआप सैल व्हायला थोडा जास्त विरोध करतात.

तिसरं, पातळ स्टील प्लेट. ३ मिमी जाडीत एम६ चे जाड आटे तीनच बसतात, बारीक चार. पण तिथे मी आधी एम४ चालेल का ते बघेन (पिच ०.७, म्हणजे चारहून थोडे जास्त आटे), किंवा मागून सरळ नट लावेन.

खोली विसरू नका

जाड-बारीकपेक्षाही जास्त फरक पडतो तो बोल्ट किती खोल धरलाय याने. ढोबळ नियम असा: स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतकी पकड, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. म्हणजे ॲल्युमिनियममध्ये एम६ साठी ९ ते १२ मिमी.

टॅप मारताना ॲल्युमिनियमवर थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल टाका, टॅप काटकोनात धरा, आणि थोडं पुढे गेलं की अर्धा फेरा मागे घ्या, म्हणजे आतला चुरा तुटतो. बारीक टॅप अडकून आत तुटला, तर तो काढण्यात प्लेटच जाण्याची भीती असते, आणि प्लेट पुन्हा बनेपर्यंत प्रयोग थांबतो.

थोडक्यात, ॲल्युमिनियमची प्लेट असेल आणि बारीक आट्यांसाठी ठोस कारण सांगता येत नसेल, तर जाडच घ्या. ड्रॉइंग द्यायच्या आधी तीन गोष्टी त्यावर लिहिल्यात का बघा: व्यास, पिच आणि आट्यांची खोली.