सुट्टी त्याची, परीक्षा माझी!

मे महिना म्हटलं की डहाणूत काय आठवतं? चिकू, ताडगोळे, बोर्डीचा किनारा... मुंबईकर वीकएंडला इथे धावत येतात. आणि आम्ही इथले? रोज पहाटे उलट दिशेने मुंबईला पळतो! २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवर राहून मुंबईत नोकरी करणं जरा सोपं झालं. तलासरी गावात तर स्टेशनच नाही. तिथली मंडळी हायवेने वापी नाहीतर डहाणू गाठतात.

मी सिंगल पेरेंट. मुलगा नऊ वर्षांचा, ऑफिस अंधेरीला. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत बारा-तेरा तास सहज जातात. शाळा चालू असते तोवर निभतं. शाळा, मग ट्यूशन, मग शेजारच्या काकू. पण सुट्टी लागली की सगळंच एकदम बंद! काकूसुद्धा लेकीकडे जातात, आणि त्यांनी का जाऊ नये?

आता जरा आकडेमोड करू या. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सहा आठवडे. फाइव्ह-डे वीक धरला तरी ऑफिसचे ३० दिवस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलं की २० दिवसांमागे एक, अशा १२ पगारी रजा मिळतात, वर ८ किरकोळ रजा. एकूण २०. आई-बाबा दोघं असतील तर ४० होतात, गणित सुटतं. एकटीच्या पदरात २०, आणि त्यातच वर्षभराचे ताप, पॅरेंट्स मीटिंग आणि दिवाळीची सुट्टी!

मग सरकार, ऑफिस काहीच करत नाही का? करतं ना! पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय २०१७ पासून सक्तीची आहे. सरकारची ‘पाळणा’ योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीही सहापर्यंतच. म्हणजे सातवं लागलं की मूल शाळेचं, आणि शाळा बंद असली की... कुणाचंच नाही. नऊ वर्षांचा मुलगा पाळण्यात मावत नाही आणि घरी एकटा ठेवण्याएवढा मोठाही नसतो.

हा फक्त ऑफिसवाल्यांचा प्रश्न आहे असं समजू नका हं. दिवाळीनंतर इथली कितीतरी आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आश्रमशाळेतलं मूल मे महिन्यात घरी येतं, तेव्हा घरात आजी असली तर नशीब.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्याच तालुक्यात एकदा शोधला गेला होता, आणि तोही एका सिंगल मदरने! ताराबाई मोडक. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोटला नोकरी केली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, कारण कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकटं पाळणाघरात, थोरलं वर्गात. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा देशाने अंगणवाडी हे नाव उचललं. थोरल्या भावंडाची सोय मात्र मागेच राहिली.

मला त्यातून एकच गोष्ट पटली. आई-बापाच्या सोयीचं वेळापत्रक कुणी आणून देत नाही. अंगण मिळून करावं लागतं. म्हणून या प्रॅक्टिकल टिप्स:

• पाच घरं जमवा. प्रत्येकाने आठवड्यातून एक ठरलेला दिवस सुट्टी घेऊन पाचही मुलं सांभाळायची. सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या फक्त ६ रजा जातात, आणि पाच सक बरोबर तीस!

• रजेचा अर्ज फेब्रुवारीतच टाका. एप्रिलमध्ये बॉसकडे आधीच रांग लागलेली असते.

• समर कॅम्पची फी पाहण्याआधी वेळ पाहा. दोन तासांच्या कॅम्पने बारा तासांचा दिवस भरत नाही.

• कस्टडीच्या आदेशात सुट्टी दोघांत वाटलेली असेल, तर तारखा मार्चमध्येच लेखी ठरवा. राग आपल्या जागी, कॅलेंडर आपल्या जागी.

• सांभाळणाऱ्या काकूंना ‘थोडंफार देऊ’ नका. सुट्टीत त्यांचं काम दुप्पट होतं, पैसेही तसेच द्या.

आणि हो, पाचवं घर शोधताना फक्त आयांना विचारू नका. सोसायटीत एखादे एकटे बाबाही असतात. त्यांचाही मे महिना तेवढाच लांब असतो!