तेरावं, बारसं आणि टू-इन-वन

आईनं वडाला गुंडाळलेलं सूत अजून पांढरंशुभ्र होतं. 1997 सालची ती वटपौर्णिमा. आईनं दिवसभर उपास केला, संध्याकाळी आप्पांच्या पाया पडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा झोपेतच गेले. शेजारणी आल्या त्या रडण्याआधी एकमेकींकडे बघू लागल्या. काल हिच्याबरोबरच तर आपण वडाला फेऱ्या मारल्या, हा विचार प्रत्येकीच्या तोंडावर होता. बोललं कुणीच नाही.

मी पुण्याला नोकरीला. एसटीडी बूथवरून निरोप आला तसा निघालो आणि मिळेल त्या गाडीनं लोणंद गाठलं. पुढचे सव्वीस-सत्तावीस दिवस मी त्या घरातून हललो नाही. आमच्या घरानं एवढे दिवस एका महिन्यात कधी पाहिले नसतील.

लोणंद हे पुणे-मिरज रेल्वेवरचं, सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातलं गाव. बाहेरच्या माणसाला ते दोन गोष्टींमुळे माहीत असतं, एक कांद्याचा बाजार आणि दुसरी माउलींची पालखी. आप्पांचा दोन्हींशी संबंध. बाजारात ते तोलाईदार होते. जन्मभर काट्यापाशी उभं राहून गोण्या मोजल्या. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही धान्याच्या खळ्यावरची जुनी रीत त्यांनी कांद्याच्या काट्यावरही सोडली नव्हती. लाभ, दोन, तीन असं चालायचं. पालखीच्या मुक्कामाला परभणीकडची एक दिंडी दर वर्षी आमच्या अंगणात उतरायची. पन्नास-साठ माणसं. त्यांची एक पंगत आप्पांची ठरलेली.

आणि तिसरा संबंध होता तमाशाशी. ते आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं नसे.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला तमाशाचं वेड असणं यात नवल नाही. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे. काळू-बाळू मिरजेजवळच्या कवलापूरचे. लहू आणि अंकुश खाडे हे ते जुळे भाऊ. 'जहरी प्याला'तले त्यांचे दोन हवालदार आप्पांना इतके आवडायचे, की घरात आम्ही भाऊ-बहीण भांडलो की ते त्यांच्याच सुरात चौकशी सुरू करायचे. चैत्रात जत्रा लागल्या की आप्पांचा पाय घरात ठरत नसे. पावसाळा तोंडावर आला, फडांचे तंबू उतरले, की मग टू-इन-वनवर वगाच्या कॅसेटी. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास. आई मागचं आवरता आवरता ऐकायची. थोरली आत्या मात्र तोंड फिरवून वाती वळत बसायची.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत कपाळ मोकळं झालं आणि माहेरी आली, ती कायमची. घरातले सोवळे-ओवळे, सणवार, काय चालतं नि काय चालत नाही हे सगळं तिच्या हाती. आप्पा गेल्यावर पहिलं काम तिनं केलं ते टू-इन-वनचे सेल काढण्याचं. सेल एका डब्यात, डबा फडताळात, वर पांढरा पंचा. टीव्हीवरही चादर आली. माझा सहा वर्षांचा मुलगा चादरीकडे पाहून मला हळूच म्हणाला, "बाबा, टीव्ही पण मेला का?"

तेरा दिवस घरात तळण नाही, फोडणी नाही, गादी नाही. जेवण भावकीतून यायचं. आणि बहीण? ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. सुतकाच्या घरात तिला ठेवावं की सासरी पाठवावं यावर बायकांची चर्चा झाली. सासर दूर, रस्ते खराब. ती राहिली. वडील गेले म्हणून रडलीस तर पोटातल्याला त्रास होईल, असं प्रत्येक जण तिला सांगायचं. तिच्यासारखी कोंडी त्या घरात दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

सातव्या रात्री बाजारातले हमाल बसायला आले. त्यांचे मुकादम आप्पांचे जुने सोबती. तमाशाला दोघं मिळूनच जायचे. थोडा वेळ सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "तोलाईदार गेला, काट्याला करमंना." पुन्हा गप्प. मुकादमांनी तंबाखू मळता मळता एकदम सुरुवात केली.

"फलटणच्या वाटंला एका जत्रंत गेल्तो. गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला आन् आप्पांचा डोळा लागला. घोंगडी अंगाखाली. मी म्हनलं झोपू दे. वग सुटला तवा मला वाटलं हे फुडं गेलं. मी गाडीत बसून आलो की घरी! हिकडं फडवाल्यांनी तंबू उतरला, ट्रकात भरला, गेलं. सकाळी आप्पांस्नी जाग आली तर मोकळं रान. वर आभाळ, खाली घोंगडी, म्होरं एक कुत्रं. आप्पा त्यालाच म्हनलं, 'का रं, वगाचा शेवट काय झाला?'"

आधी मीच हसलो. मग हमाल हसले. आणि मग माजघरातून एक आवाज आला, तो आईचा होता. ती पदर तोंडात धरून हसत होती. हसता हसता रडायला लागली, पण आधी हसली, हे सगळ्यांनी ऐकलं. बहीणही हसली आणि पोट धरून म्हणाली, "मुकादमकाका, पुरे आता."

आत्या उठली. "दहावा तरी होऊ दे," एवढंच म्हणाली आणि दिवा घेऊन आत गेली. मुकादमांचा चेहरा पडला. आईनं त्यांना दारातून सांगितलं, "दादा, येत जावा. त्यांचं आसं कुनी बोलत न्हाई. समदी नुसतं 'लई चांगला मानूस' म्हन्त्यात."

मला ते वाक्य नंतर फार वेळा आठवलं. मेलेल्या माणसाला आपण लगेच गुळगुळीत करून टाकतो. त्याचे छंद, त्याचा खोडकरपणा, त्याच्या लबाड्या सगळं पांढऱ्या पंचाखाली जातं. आईला हवे होते ते आमचे आप्पा, फोटोतले नव्हे.

दहाव्याला नीरेच्या घाटावर कावळा शिवेना. एकानं बहिणीचं बाळंतपण नीट करू म्हणून सांगितलं, चुलत्यांनी आईला अंतर देणार नाही म्हणून हात जोडले, मी नोकरीतून दर महिन्याला येईन म्हटलं. कावळा झाडावरच. सगळे दमून गप्प झाले, कुणी विडी पेटवली, कुणाचं लक्ष नदीच्या पाण्याकडे, आणि तेवढ्यात तो खाली येऊन घास घेऊन गेला. घरी येईपर्यंत चौघांनी चार कारणं सांगितली. मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी मनात म्हनलं, दिंडीची पंगत चुकनार न्हाई." मी काही बोललो नाही.

कारण तोच प्रश्न पुढे होता. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पालखी यायची होती. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान होतं, पालखी पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदचा. हा सोहळा ज्यांनी बांधून दिला ते हैबतबाबा आरफळकर सातारा जिल्ह्यातलेच, त्यामुळे इकडच्या माणसाला पालखी घरी आल्यासारखी वाटते. पण घर असं! भावकीचं म्हणणं, यंदा दिंडीला दुसरीकडे सांगू, वर्षाच्या आत पंगत कसली घालता. पैशांचाही प्रश्न होता, तेराव्यालाच हात आखडला होता. मला ते पटत होतं, खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. आत्या काहीच बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे तिचा नकार असं आम्ही धरून चाललो.

दिंडीला निरोप कसा पोचवणार? मोबाइल नव्हते. दिंडी नेहमीसारखी आली. अंगणात पथाऱ्या पडल्या, टाळ खुंटीला लागले आणि विणेकरीबुवांनी विचारलं, "आप्पा कुठे?"

आईनं सांगितलं. म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, "आमचा स्वयंपाक आम्ही करू माई. फक्त अंगण द्या."

त्याच रात्री दहाच्या सुमाराला बहिणीला कळा सुरू झाल्या. दवाखाना स्टेशनच्या बाजूला. पण पालखीच्या रात्री लोणंदच्या रस्त्यात मुंगीला वाट नसते. ट्रक, राहुट्या, माणसं, पालखीतळाकडची रांग, वर पावसाची भुरभुर. रिक्षा निघेना, जीपही मिळेना. मुकादम गर्दीतून वाट काढत गल्लीपलीकडच्या नर्सबाईंना घेऊन आले. दिंडीतल्या दोन म्हाताऱ्या कुणी न बोलावता उठल्या, हातपाय धुतले आणि आत गेल्या.

मी ओसरीवर. आतून आईचा आवाज येत होता. ती बहिणीला विठाबाईची गोष्ट सांगत होती! आप्पांनी ही गोष्ट घरात शंभर वेळा सांगितली असेल. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, असं सांगतात. लोकांनीच मग तिला हात जोडून कार्यक्रम थांबवायला लावला. विठाबाई 2002 साली गेल्या तेव्हा पेपरांत ही हकीकत छापून आली होती, पण आमच्या घरात ती आधीपासून होती. त्या गोष्टीत अभिमान किती आणि पोटाची लाचारी किती हे मला आजही ठरवता येत नाही. आईला त्या रात्री तो प्रश्न नव्हता. तिला मुलीला धीर द्यायचा होता आणि नवऱ्याचे शब्द तेवढे तिच्याजवळ होते.

पहाटे मुलगी झाली. पहिलं रडणं ऐकून अंगणातली झोपलेली माणसं उठून बसली.

आत्या बाहेर आली ती थेट कालनिर्णयकडे गेली. अवस संपली होती का, हे तिला बघायचं होतं. बराच वेळ बोट फिरवून म्हणाली, "मध्यरातीलाच संपली. आखाडाचा पैला दीस. पोरगी चांगल्या येळंवर आली." मग मला म्हणाली, "सुतक फिटलं तर सोयर लागलं. आता आपल्या चुलीवरचं त्यास्नी चालायचं न्हाई."

विणेकरीबुवांनी ते ऐकलं. "आत्याबाई," ते म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्या रात्रभर आत होत्या. आता आमचं काय राहिलंय? भाकरी टाका."

आत्या क्षणभर उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि परात ओढली. पालखी दुपारी तरडगावकडे निघते, तोवर साठ माणसांचं पिठलं-भाकरी व्हायचं होतं. दिंडीतल्या बायका, शेजारणी, भावकीतल्या त्याच पंगत नको म्हणणाऱ्या बायका, सगळ्या थापायला बसल्या. मुकादमांनी पीठ कुठून आणलं ते मी विचारलं नाही. नर्सबाईंनी बाळाचं वजन विचारलं तेव्हा त्यांनीच दुकानातला तराजू आणला, पारड्यात मऊ धोतर घातलं, पोरीला ठेवलं आणि सवयीनं म्हणाले, "लाभ." पुढे ते काही बोलूच शकले नाहीत. वजन नर्सबाईंनी वाचलं. पावणेतीन किलो.

पालखी गेल्यावर गाव एकदम ओकं होतं. रस्त्यावर पत्रावळी आणि चिखल. त्या दुपारी मला आप्पा खऱ्या अर्थानं गेल्याचं कळलं, तोवर गर्दीनं कळू दिलं नव्हतं.

पुढचे दिवस भराभर गेले. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून त्याआधी पोटभर खाऊन घ्यायचा दिवस. कांद्यावर जगणाऱ्या आमच्या घरात तो दिवाळीसारखा असायचा. आप्पा वखारीतून निवडून गरवा कांदा आणायचे आणि भज्यांचा पहिला घाणा उभ्यानंच संपवायचे. त्या वर्षी आईनं कढई चढवली, पहिला घाणा काढून फोटोपुढे ठेवला, आणि दुसऱ्या घाण्यातलं एक भजं तिनं स्वतः खाल्लं. उभ्यानं.

बारसं एकादशीला धरता येईना, सगळ्यांचे उपास. म्हणून द्वादशीला. पाळणा शेजारून आला. बायका जमल्या, हळदीकुंकवाची ताटं आली आणि आई हळूच स्वयंपाकघरात गेली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं. जायचं असतं, हे तिला माहीत होतं, एवढंच. मी बघत होतो आणि काय करावं मला सुचत नव्हतं.

आत्या तिच्यामागे गेली. मला दारातून ऐकू आलं. "मी तीस वर्सं ह्या फडताळापाशी हुभी ऱ्हायले. समद्यांची बारशी हितनं ऐकली. तू चल भायेर." आई नको म्हणाली. आत्यानं तिचा दंड धरला आणि तिला बाहेर आणून पाळण्याशी उभं केलं. दोन-चार बायकांनी माना खाली घातल्या. पोरीला आईनंच पाळण्यात ठेवलं.

रात्री सगळे गेल्यावर आत्या माझ्याकडे आली. हातात सेलांचा डबा होता. "हे कसं घालत्यात रं?" मी सेल घातले, वरचा पंचा काढला. कोणती कॅसेट लावू विचारलं तर म्हणाली, "मला काय नावं ठावं न्हाईत. रोज जी लावायचा ती."

आवाज बारीक ठेवला, पोर झोपली होती. आई भिंतीला टेकून, बहीण खाटेवर, आत्या नेहमीच्या जागी, पण या वेळी तोंड आमच्याकडे. वग रंगात आला. एका जागी आत्या सोंगाड्याच्या आधीच त्याचं पुढचं वाक्य बोलून गेली आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "बघतासा काय? भिंतीला कान असत्यात, मला नसतील व्हय?"

शेवट जवळ आला आणि आवाज फाटला. फीत आत गुंतली होती. आई म्हणाली, थांब, जोरात ओढू नको, तुटंल. माझ्या मुलाच्या दप्तरातून पेन्सिल आणली आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही चौघं ती फीत हळूहळू सोडवत बसलो.